ओलकरांची हजेरी

चिखल्या हे नाव त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, हे उघड आहे. ते रेडिओ केंद्राने ठेवलं. तिथे बत्तीस वर्षं तो आवाज बनवायचं काम करत होता. नाटकात दार वाजलं की ते चिखल्याने वाजवायचं, घोडा दौडला की करवंट्या घेऊन चिखल्याने दौडायचं, आणि भूत आलं की तेही चिखल्याच्याच हातातून यायचं. त्यामुळे भुताखेतांवर त्याचा विश्वास असण्याचा प्रश्नच नव्हता. तो ती बनवायचा आणि महिन्याच्या महिन्याला त्याचा पगार घ्यायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारा मुळातच हळवा होता.

केंद्र आता नव्या इमारतीत जायचं होतं. जुन्या इमारतीतल्या जिन्याखाली एक लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली कधीच हरवली होती. सामान हलवताना त्याचं कुलूप कापलं, तर आत अकरा रिळं निघाली. डब्यांवर चिखल्याच्या ठसठशीत अक्षरात 'ओल' असं लिहिलेलं आणि खाली आकडे. जुन्या टेपा संगणकावर उतरवून घेणाऱ्या इंजिनीअर बाईंनी त्याचा नंबर शोधून काढला आणि फोन केला.

"काका, रिळं तुमचीच ना? मग या तुम्ही. ह्यातलं सुलटं कुठलं आणि उलटं कुठलं, आम्हाला काही पत्ता लागत नाहीये."

एरवीही तो गेलाच असता. निवृत्त माणसाला कुणी कामाला बोलावलं तर तो दाढी करून तासभर आधी निघतो. पण ह्या वेळी त्याची स्वतःचीही गरज होती.

त्याची मुलगी दूरच्या शहरात असते. पंधरा दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग ती एकदम म्हणाली, "बाबा, आईचा चेहरा डोळ्यासमोर येतो. ती बोलतेही. पण आवाज येत नाही हो. टीव्हीचा आवाज बंद केल्यासारखं. काल पोरीने विचारलं, आजी कशी बोलायची गं? मला सांगताच येईना." आणि रडायला लागली.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. चिखल्याने त्या दिवशी सगळं घर पालथं घातलं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज साठवणाऱ्या माणसाच्या घरात स्वतःच्या बायकोचा आवाज कुठेच नव्हता. यंत्रातून आपला आवाज ऐकला की तिच्या अंगावर काटा यायचा, ती कॅसेटजवळही फिरकायची नाही. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत ती जागोजाग दिसत होती, पण त्यावर व्हिडिओवाल्याने गाणी घातली होती. जुना मोबाइल सुरूच होईना. शेवटी पलंगावर बसून त्याला आठवलं, की आहे. एके ठिकाणी आहे. 'ओल'च्या नवव्या रिळाच्या शेपटाला.

'ओल' ही रेडिओवरची मालिका आता कुणाला फारशी आठवत नाही, पण एके काळी तिच्या वेळेला लोक घराबाहेर पडत नसत. अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली. ओल हा एक ग्रह. सगळाच्या सगळा दलदल, तळहाताएवढीसुद्धा कोरडी जागा नाही, आणि वर कायमचं धुकं. तिथले रहिवासी म्हणजे ओलकर. हे नाव लेखकानेच दिलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनाही ते आपल्याच कुणा शेजाऱ्याच्या आडनावासारखं वाटून आवडलं होतं. ओलकर गळ्यापर्यंत चिखलात असतात. जन्मभर एकाच जागी. दिसत कुणालाच काही नाही, त्यामुळे सगळा कारभार आवाजावर.

दलदल करणं सोपं होतं. स्टुडिओत कपडे धुवायचा मोठा टब, त्यात ओल्या वर्तमानपत्रांचा लगदा, गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि बुडबुड्यांसाठी सायकलचा पंप. आठ दिवसांत चिखल्याला चिखल्या हे नाव पडलं ते त्यामुळेच. अडलं होतं ते ओलकरांच्या आवाजापाशी. नटांनी घसे फोडून पाहिले. निर्मात्याला एकही पसंत पडेना.

अशात एका दुपारी टबातलं पाणी फरशीतून झिरपलं आणि खालच्या मजल्यावर, ध्वनिमुद्रिकांच्या लायब्ररीत, एका मुलीने आठवडाभर बसून लिहिलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर ठिबकलं. ती मुलगी तरातरा वर आली. दार ढकललं. इतकी संतापली होती की शब्द फुटेना, घशातून नुसता एक आवाज निघाला. गुळण्या करताना मध्येच कुणी चिडवल्यासारखा. काचेपलीकडे निर्माता खुर्चीतून उठून उभा राहिला.

"हाच! बाई, हाच आवाज पुन्हा काढा!"

बाईंनी त्यावर जे काढलं ते प्रसारण करण्याजोगं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून ओलकर ती झाली. सात ओलकर होते, सातही तीच. मालिका दोन वर्षं चालली. वर्ष संपायच्या आत त्यांनी लग्न केलं. टबाने जुळवलं, असं चिखल्या पुढे सगळ्यांना सांगायचा, आणि ती म्हणायची, "टबाने नाही हो, गळतीने."

साठाव्या भागाच्या वेळी ती ध्वनिमुद्रणाच्या मध्येच हसली होती आणि हसता हसता काहीतरी म्हणाली होती. तो तुकडा त्याने नियमाप्रमाणे ब्लेडने कापला. पण कचऱ्यात टाकायला हात होईना. मग रीळ संपल्यावर जी पांढरी पट्टी असते, तिच्या पलीकडे त्याने तो चिकटवून ठेवला. पांढऱ्या पट्टीच्या पुढे कुणी कधी वाजवत नाही. पुढे निवडक अकरा टेपा कपाटात गेल्या, संसार सुरू झाला, आणि जिवंत बायको दिवसभर कानाशी असताना टेप कोण ऐकतो? ती काय म्हणाली होती, हेही तो विसरला होता.

"आणतो," त्याने मुलीला फोनवर सांगितलं होतं. "आईचा आवाज मी आणतो."

इंजिनीअर बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, तोंडात सतत पेपरमिंट. त्यांची खोली दुसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. भिंतींना जुनं करडं फेल्ट, दोन मोठी यंत्रं, खिडकीबाहेर मोटारी लावायची जागा. स्पिरिटचा आणि तापलेल्या टेपेचा आंबूस वास. तो वास नाकात गेल्याबरोबर चिखल्याला एकदम तिशीत गेल्यासारखं वाटलं, इतकं की तो उंबऱ्यात थबकलाच.

"काका, एक आधीच सांगते," बाई म्हणाल्या. "टेपा चिकट झाल्यात. मी त्या आठ आठ तास गरम कपाटात शेकून घेतल्यात. आता एकदा वाजतील. एकदाच, असंच धरून चाला. वाजता वाजता त्यांच्यावरचा आवाजाचा लेप सुटतो. त्यामुळे मध्ये थांबायचं नाही, मागे घ्यायचं नाही."

"आणि नववं शेवटच्या इंचापर्यंत वाजवायचं," चिखल्या म्हणाला. "पांढऱ्या पट्टीच्या पुढेसुद्धा."

"काय आहे पुढे?"

"आमची ही आहे."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि वहीत नऊच्या पुढे खूण केली.

पहिल्या दिवशी तीन रिळं झाली, आणि काय सुखाचा दिवस होता म्हणून सांगू! कर्ण्यातून दलदल उकळायला लागली आणि चिखल्याचे हात आपोआप हलायला लागले. "हे पाऊल वाटतं ना? ओलं चामडं आहे. आणि हा मोठा बुडबुडा, हा पंप नाही, हा मी स्वतः. नळी तोंडात धरून. दोनदा पाणी गिळलंय मी त्यात." बाईंची हसून हसून पुरेवाट झाली. त्या म्हणाल्या, "काका, मी तेव्हा शाळेत होते. हे ऐकून झालं की पलंगावरून पाय खाली सोडायची छाती व्हायची नाही." एवढी मोठी शाबासकी त्याला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

आणि मधून मधून ओलकर बोलत होते. तिच्याच घशातून, पण ती नव्हे. तिचं बोलणं त्यात नव्हतं. मुलीला हे ऐकवून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी चौथं रीळ लावलं, त्यात पहिली हजेरी होती.

हजेरीची कल्पना तिची. लेखकाला तिनेच सुचवली. ओलवर उजेड मंदावला की प्रत्येक ओलकर आपापला एक आवाज देतो, ठरलेल्या क्रमाने, म्हणजे धुक्यात कोण कोण आहे ते सगळ्यांना कळतं. आणि कुणी बुडाला तर त्याचा आवाज शेजारी द्यायला लागतो. आधी आपला, मग बुडालेल्याचा. त्यामुळे कितीही बुडाले तरी हजेरी कधी कमी भरत नाही. ह्या क्रमाबद्दल ती फार काटेकोर होती. घाईत कुणी उलटसुलट लिहिलं तर संहिता परत पाठवायची. "आधी स्वतःचा, मग दुसऱ्याचा. नाहीतर बुडालं कोण, कसं कळणार?" म्हणायची.

चिखल्या बोटं मोजत ऐकत होता. सात आवाज, सातांची तऱ्हा त्याला पाठ. एक, दोन... सात.

आठ.

आठवा बारीक होता. चिखलातून एक 'च्च' यावा तसा. लेखकाची ती सवय होती, वाक्य जमलं नाही की तो असाच जिभेने 'च्च' करायचा. लेखक जाऊन वीस वर्षं झाली होती.

"पुसलेलं वर येत असेल," बाई म्हणाल्या. "तुमच्या काळी टेपा पुन्हा पुन्हा वापरायचे ना. खालचं जुनं काहीतरी राहून जातं."

हे अगदी बरोबर होतं. असं होतं. चिखल्याने स्वतः शंभरदा अनुभवलेलं होतं. त्याने मान डोलावली.

सहाव्या रिळातल्या हजेरीत नऊ होते. नववा नाकातून 'हुं' करत होता, निर्माता करायचा तसा. सातव्यात दहा. दहावा दोन टप्प्यांत घसा खाकरायचा, आणि अख्ख्या केंद्रात तसा खाकरणारा एकच माणूस होता, बातम्या वाचायच्या आधी, केंद्राचे जुने निवेदक. निर्माता बारा वर्षांपूर्वी गेला, निवेदक दहा वर्षांपूर्वी. आवाज माणसांचे नव्हते, ओलकरांचेच होते. ओले, खालून येणारे. पण सवयी त्यांच्या होत्या.

"काका, पाणी देऊ का?" बाईंनी विचारलं.

"नको. गरम होतंय जरा."

यंत्रात टेप जिथून सरकते त्या हेडवर तांबूस भुकटी साचली होती. बाईंनी ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली आणि आठवं लावलं. त्यात निवेदकाच्या खाकरण्यानंतर हजेरी थांबली. एक आवाज मावेल एवढा वेळ. मग एक शिट्टी आली, पडलेल्या दातातून श्वास जावा तशी, आणि हजेरी संपली.

ती शिट्टी स्टुडिओच्या शिपायाची. दोन महिन्यांपूर्वीच तो गेला, चिखल्या स्वतः त्याला पोचवायला गेला होता. त्यात अशी पंचाईत होती, की तो शिपाई नोकरीला लागला तेव्हा ते कपाट बंद होऊन चार वर्षं झाली होती.

पुसलेलं वर येतं हे खरं. पण जे टेपेवर कधी भरलंच नाही ते वर कसं येणार?

चिखल्याने गेलेल्यांची वर्षं मनात एकाखाली एक मांडली. वीस, बारा, दहा. मग रिकामी जागा. मग दोन महिने. त्या रिकाम्या जागेत कोण बसतं हे कळायला त्याला वही लागली नाही.

"नववं उद्या करू या का?" बाई म्हणाल्या. त्यांनाही काहीतरी जाणवलं असावं. त्यांच्या तोंडातलं पेपरमिंट केव्हाचं संपलं होतं आणि त्यांनी दुसरं घेतलं नव्हतं.

"नाही. आत्ताच."

नववं सुरू झालं. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली कुणीतरी मोटार मागे घेत होतं. साठावा भाग चाळीस मिनिटांचा. शेवटची आठ मिनिटं हजेरीची.

सात ओलकर झाले. लेखक झाला. निर्माता. निवेदक.

आणि थांबले.

दलदल चालू होती. मीटरचा काटा बारीक बारीक हलत होता. बुडबुडे येत होते, फुटत होते. शिट्टी येईना.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

"भाग इथेच संपतो का?" बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही."

"मग हे काय चाललंय?"

"वाट बघतायत," चिखल्या म्हणाला.

रिळावर बोटभर टेप उरली होती. मग अर्धं बोट. मग पांढरी पट्टी दिसायला लागली, आणि तिच्या पलीकडे तो तुकडा. तो एकदाच वाजणार होता. हजेरी पुरी झाल्याशिवाय तो वाजेल, असं त्याला आता वाटेना. का वाटेना, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"काका, टेप संपत आली."

शेजारी देतो. शेजारी कोण होतं तिचं? तोच ना.

चिखल्याने डोळे मिटले आणि घशातून आवाज काढला. टबाचं पाणी ठिबकलं तेव्हा दारात उभं राहून तिने काढला होता, तो. आयुष्यात त्याने तो कधी काढून पाहिला नव्हता. पहिल्या फटक्यात जमला.

फक्त तोच. आधी दुसरा कुठला नाही. घाईत भान कुणाला होतं?

लगेच शिट्टी आली. हजेरी संपली. पांढरी पट्टी सर्रकन यंत्रातून गेली.

मग स्टुडिओची शांतता, आणि एक तरुण आवाज. "पाणी गार झालं का गं?"

चिखल्याचाच. अडतीस वर्षांपूर्वीचा.

मग जागा. बोलणं मावेल एवढी.

"बदलतो, थांब," तरुण चिखल्या म्हणाला. मग पुन्हा जागा, आणि त्यात तो एकटाच हसत होता, कुणाच्या तरी हसण्यात हसणं मिसळावं तसा. टेपेचं टोक सुटलं आणि चाकावर फटफट फिरायला लागलं.

बाईंनी यंत्र बंद केलं. संगणकावरून तो भाग पुन्हा लावला, आवाज वाढवून, कान लावून, दोनदा. शेवटी हेडफोन काढून ठेवले. "काका, ह्यात तुम्हीच आहात," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं कुणी नाहीये."

चिखल्याने टेपेवर हात फिरवला तर लेप बोटांना आला. खाली नुसतं पारदर्शक प्लास्टिक राहिलं होतं.

बाईंनी त्याला जिन्यापर्यंत सोडलं, पेपरमिंट दिलं, तो मान हलवून निघाला. घसा खरवडल्यासारखा झाला होता. बसमध्ये त्याने बोटानेच तिकीट मागितलं. रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच होतं, की पोरीला काय सांगायचं. शब्द दिला होता. एवढी एकच वस्तू तिने बापाकडे मागितली होती, आणि तो ती वाजवून संपवून आला होता.

घरात पाऊल टाकलं आणि फोन वाजला. पाच वाजले होते. मुलगीच होती, त्याने आज टेपा ऐकायला जाणार म्हणून सांगितलंच होतं. बूटही न काढता तो खुर्चीत बसला, फोन कानाला लावला आणि जे होतं ते सांगून टाकलं.

"नाही गं मिळालं काही."

तिकडून अगदी बारीक, "आई?"

चिखल्याने फोन कानापासून दूर धरून पाहिला. पुन्हा कानाला लावला. "अगं, मी आहे," तो म्हणाला, आणि ह्या वेळी त्याने स्वतःला ऐकलं.

"मिळालं!" मुलगी ओरडली. हसत होती की रडत होती कळेना. "बाबा, मिळालं की हो! तीच आहे. कसली शोधाशोध चाललीय तिची, ऐकलंत? 'नाही गं मिळालं'! अस्संच म्हणायची, चष्मा डोक्यावर असायचा आणि घरभर शोधत फिरायची. बाबा, कसं आणलंत हो हे? थांबवू नका. चालू दे."

त्याने तोंडावर हात ठेवला. काढला.

"जेवलीस का?" तो म्हणाला.

"अगं बाई," मुलगी म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. तिने नातीला हाक मारली. "ये, ये लवकर, आजी बघ कशी बोलते." मग दोघी ऐकत राहिल्या, आणि चिखल्या बोलत राहिला. थंडीत स्वेटर घाल. पोरीला रागावू नकोस. फोन करत जा मधूनमधून. सांगण्यासारखं जे सुचलं ते सगळं तो सांगत गेला. नऊ वर्षांत हा आवाज त्या घरात आला नव्हता. बोलता बोलता त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कारण ऐकत तोही होताच.

बऱ्याच वेळाने मुलीने नाक पुसलं. "बास, बाबा. आता बंद करा. बाकीचं उद्या ऐकते, एकदम नको संपवायला." ती हसली. "तुम्ही बोला आता. काय म्हणता?"

चिखल्या पाणी प्यायला. घसा साफ केला. सावकाश, एकेक अक्षर धरून त्याने तिला लहानपणी ज्या नावाने हाक मारायचा त्या नावाने हाक मारली. मग सगळं सांगितलं. कपाट, टेपा, हजेरी, रिकामी जागा. काही मागे ठेवलं नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबा, बंद करा ना ते," ती लाडाने म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचंय."